छायालेखनाचे पारितोषिक द्यायचे, तर आधी पडदा नीट लावा

संपादक महाशय,

सातारा-कराड भागात लघुपट महोत्सव भरू लागले आहेत, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. त्यात उत्कृष्ट छायालेखनाचे पारितोषिकही असते. ते ठरते कसे, यावर मात्र कोणी बोलत नाही. बहुतेक ठिकाणी परीक्षकांना लिंक पाठवली जाते, ते लॅपटॉपवर, वेळ नसेल तर मोबाइलवर, चित्रपट पाहतात आणि गुण देतात. कथा आणि अभिनय असे पाहूनही बऱ्यापैकी जोखता येतात. छायालेखन जोखता येत नाही. अशा पाहण्यात भरपूर उजेडाचा, भडक रंगांचा चित्रपट पुढे जातो आणि अंधार जपून वापरणारा मागे पडतो.

गुऱ्हाळघरातला रात्रीचा प्रसंग घ्या. चुलवाणाचा जाळ एका बाजूने चेहऱ्यावर येतो, काहिलीवरची वाफ त्यात उजळते. चेहऱ्याची दुसरी बाजू जवळजवळ काळी, फक्त डोळ्यात एवढीशी चमक. ती चमक आणण्यासाठी उजेड परतवणारा थर्मोकोलचा पांढरा तुकडा थोडा पुढे सरकवला की गाल उजळून सगळा परिणाम जातो, मागे नेला की डोळा विझतो. प्रसंगाचा सगळा जीव त्या हातभर अंतरात असतो. लिंकवरची फाइल दाबून लहान केलेली असते आणि दाबताना सर्वात आधी अंधाऱ्या भागातला तपशील जातो. काळ्यात चौकोन दिसू लागतात, वाफेत आणि पहाटेच्या धुक्यात पट्टे उमटतात. दोष फाइलचा, गुण मात्र कॅमेरामनचे कापले जातात.

म्हणून या पारितोषिकाच्या अंतिम फेरीतले चित्रपट परीक्षकांनी एकत्र बसून, सभागृहात, पडद्यावरच पाहायला हवेत. आणि तो पडदा तपासलेला हवा.

चित्रपटगृहातल्या पडद्यावर उजेडाचे प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजण्याचे एकक) धरतात. २० फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच पडद्याचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट होते. साध्या पांढऱ्या मॅट पडद्यावर तेवढा उजेड हवा, तर प्रोजेक्टरचे सुमारे ३१५० ल्युमेन (त्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे एकक) प्रत्यक्ष पोहोचले पाहिजेत. भाड्याच्या प्रोजेक्टरवर लिहिलेला आकडा सर्वात भडक मोडमधला असतो. रंग खरे दाखवणाऱ्या 'सिनेमा' मोडवर आणले की उजेड बराच उतरतो, दिवा जुना असेल तर आणखी. तेव्हा अशा पडद्याला ६००० ल्युमेनच्या खालचे यंत्र घेऊ नये. ३००० चा प्रोजेक्टर बैठकीच्या खोलीसाठी ठीक, नाट्यगृहासाठी नाही. पडदा म्हणून पांढरा फ्लेक्स ताणण्याची पद्धतही सोडावी. त्याला चकाकी असते, मधोमध उजळ डाग पडतो आणि कडेच्या खुर्च्यांवरून चित्र मळकट दिसते.

सर्वात जास्त नुकसान होते ते लॅपटॉप आणि प्रोजेक्टरच्या जोडणीत. व्हिडिओत काळ्याचा आकडा १६ आणि पांढऱ्याचा २३५ असतो, संगणकात तेच ० ते २५५. लॅपटॉप पूर्ण पट्टा (० ते २५५) पाठवतो आणि प्रोजेक्टर मर्यादित (१६ ते २३५) धरून बसतो, तेव्हा १६ च्या खालचे सगळे एकच काळे होते. गुऱ्हाळातल्या चेहऱ्याची सावलीची बाजू त्यातच नाहीशी होते. उलट झाले की काळा करडा दिसतो आणि चित्रावर राख पसरल्यासारखी वाटते. दोन्ही उपकरणांच्या सेटिंगमध्ये एकच पट्टा निवडला की हे थांबते. पाच मिनिटांचे काम आहे. त्याच वेळी लॅपटॉपवरची रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट' सोय बंद आहे ना, हेही पाहावे. ती चालू राहिली तर संध्याकाळनंतरचा प्रत्येक चित्रपट पिवळट दिसतो. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या सेटिंगवर, लावला की एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते आणि संथ पॅन (कॅमेरा आडवा फिरवणे) अडखळतो, म्हणून लॅपटॉपचे आउटपुट २४ किंवा ४८ हर्ट्झवर न्यावे. २५ फ्रेमच्या चित्रपटाला ५० हर्ट्झ ठेवावे. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने (तिरके चित्र सरळ करण्याची प्रोजेक्टरमधली सोय) चित्र चौकोनी केले, तर तीक्ष्णपणा जातो. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यासमोर सरळ बसवावा.

सभागृहाच्या दारांना काळे पडदे हवेत. 'कागज के फूल' (१९५९) मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन वळवून स्टुडिओच्या अंधारात आणलेला प्रकाशझोत आजही डोळ्यांत भरतो, तो भोवतालच्या काळ्यामुळे. दाराच्या फटीतून येणारा उजेड पडद्यावर पडला तर तो झोतसुद्धा फिका पडेल. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले छायालेखक.

परीक्षक मंडळात निदान एक तरी छायालेखक असावा. सलग पाहून झाल्यावर निवडक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावावेत, कारण पार्श्वसंगीत साध्या दृश्यालाही उचलून धरते. मग पाहावे: दूरच्या शॉटमध्ये खिडकी डावीकडे असेल तर क्लोजअपमध्ये सावली कुठे पडते? एकाच दुपारचे ऊन मध्येच सकाळचे होते का? त्वचेचा रंग शॉटगणिक बदलतो का? कॅमेरा हलतो तेव्हा प्रसंगात काही बदलते, की नुसताच हलतो?

कासच्या फुलांवरून किंवा मेणवलीच्या घाटावरून उडवलेल्या ड्रोनला हमखास टाळ्या मिळतात. तो शॉट कथेच्या कामाचा असेल तर जरूर गुण द्यावेत, पण देखावा मुळातच सुंदर आहे हे विसरू नये. एका खोलीत, एका खिडकीच्या उजेडावर पंधरा मिनिटे सांभाळणे त्याहून कितीतरी कठीण आहे. श्रेयनामावलीत ड्रोन चालवणाऱ्याचे नाव वेगळे असेल, तर तेही परीक्षकांपुढे असावे.

प्रवेशअर्जातच आयोजकांनी मूळ दर्जाची फाइल मागावी: प्रोरेस ४२२ एचक्यू (फार न दाबलेला व्हिडिओचा प्रकार), किंवा निदान २० मेगाबिट प्रतिसेकंदाची, १०८० रेषांची एच.२६४ प्रकारची फाइल. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल स्वीकारू नये. आदल्या संध्याकाळी अंतिम फेरीतल्या प्रत्येक कॅमेरामनला बोलवावे आणि त्याच्या चित्रपटातला सर्वात अंधारा प्रसंग दोन मिनिटे पडद्यावर लावावा. काही चुकत असेल तर तो तिथेच सांगेल आणि दुरुस्तीला रात्र हाताशी राहील.

– छायालेखन क्षेत्रातील एक वाचक, सातारा