थकलेल्या उपदानावर शास्ती किती, साहेब?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी एका नगरपरिषदेचा निवृत्त वसुली लिपिक. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि शिल्लक रजेचे पैसे, म्हणजे रजा रोखीकरणाची रक्कम, मार्चअखेर देऊ, असं मला लेखी मिळालं होतं. मार्च गेला. काल लेखा विभागात उत्तर मिळालं, 'निधी नाही, आर्थिक संकट आहे.' त्याच खोलीत नव्या स्वागत कमानीचं संकल्पचित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तीन घुमट, ग्रॅनाइटचे खांब. तिला संकट लागू नाही. तिचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं आहे म्हणे!

लेखाशीर्ष मला शिकवू नये, हयात त्यातच गेली. मार्चमध्ये थकबाकीदाराच्या दारात हलगीवाला घेऊन मीच जायचो, नळ तोडताना शेजारी मीच उभा. शिव्या मी खाल्ल्या, तिजोरी तुमची भरली. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन उपदानावर ठेवलं होतं. डॉक्टर तारीख विचारतात. मी म्हणतो, नगरपरिषदेला विचारून सांगतो.

संकट आम्हाला नवं नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरपट्टी कोण भरणार होतं? तरी फवारणी, कचरा, विलगीकरण, अंत्यसंस्कार सगळं आमच्याच गळ्यात. आणि 4 मे 2020 ला सरकारचा हुकूम आला, खर्चाला 33 टक्केच निधी, नवी भरती बंद. म्हणजे काम दुप्पट, माणसं तेवढीच, पैसा तिसरा हिस्सा. वा!

मुळात पालिकांकडे ठेवलंय काय? नगरपरिषदांची जकात 1999 ला गेली. महापालिकांची जकात, मग तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, असं करत करत 2017 ला जीएसटीत बुडाली. हातात राहिली घरपट्टी न् पाणीपट्टी, बाकी मंत्रालयाकडे तोंड करून अनुदानाची वाट बघणं. घरपट्टीलाही हात लावू देत नाही. दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवायची, ती चतुर्थ वार्षिक आकारणी आली की करवाढीला स्थगिती, निवडणूक आली की माफी. मुंबईत 2022 ला 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला, त्या घोषणेला टाळ्या पडल्या. सरकार कोणाचंही असो, माफी वरून जाहीर होते आणि खड्डा खाली पडतो. देशातल्या महापालिकांचं सगळं उत्पन्न मिळून जीडीपीच्या 1 टक्क्याच्या आसपास, असं रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या अहवालात आहे म्हणतात. थोडं इकडेतिकडे असेल, तुमचे सचिव दुरुस्त करतीलच.

74 वी घटनादुरुस्ती आम्हाला प्रशिक्षणात घोकून घेतली होती. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्थानिक स्वराज्य वगैरे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं निवडून आलेल्यांच्या जागी सरकारी प्रशासक होते. निवडणुका घ्या, हे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मधल्या काळात कमानी कोणी मंजूर केल्या, कोणाला विचारून, हे विचारायला नगरसेवकच नव्हता. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तर येतं, 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे.'

मागणं फार नाही. निवृत्तांची देणी आधी, कमानी नंतर, असा शासन निर्णय काढा. संकटासाठी राखीव निधी ठेवायला लावा आणि त्याला दुसऱ्या कोणी हात लावू नये, याची तजवीज करा. आणि थकलेल्या घरपट्टीवर आम्ही दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावायचो, तीच माझ्या उपदानाला लावा. कायदा दोघांना एकच हवा ना?

यंदाच्या घरपट्टीचं बिल मात्र वेळेवर आलंय. ते माझ्या उपदानातून वळतं करून घ्यावं, उरेल ते द्यावं.

आपला,
एक निवृत्त वसुली लिपिक