फिल्म संपली की लगेच मीटिंग नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली नऊ वर्षं कॅनडात टोरंटोजवळ नोकरी करतोय, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो. तुमच्या कितीतरी वाचकांची मुलं-सुना-जावई इकडेच आहेत, म्हणून हे पत्र.

इकडे ३० सप्टेंबरला सगळे केशरी शर्ट घालतात. फिलिस वेबस्टॅड नावाची सहा वर्षांची मुलगी १९७३ साली आजीने घेऊन दिलेला नवाकोरा केशरी शर्ट घालून निवासी शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो तिच्या अंगावरून काढून घेतला, परत मिळालाच नाही, त्याची ही आठवण. २०२१ पासून या दिवशी फेडरल सरकारची सुट्टी असते. या दिवसांत बऱ्याच ऑफिसांत मूळनिवासी लोकांवरची एखादी फिल्म दाखवतात, आमच्याकडेही यंदा दाखवली, लंच टाइममध्ये, कॉन्फरन्स रूममध्ये.

फिल्म या निवासी शाळांवरच होती. सरकारच्या पैशावर चर्चने चालवलेल्या शाळा, शंभराहून जास्त वर्षं चालल्या, दीड लाखाच्या वर मुलं आईबापांपासून तोडून तिथे ठेवली, त्यातली हजारो परत आलीच नाहीत. घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. माझी मुलगी दर रविवारी मराठी शाळेत जाते, कुरकुरत जाते पण जाते, आणि समोर पडद्यावर एक आजी सांगत होती की सुट्टीत घरी गेल्यावर मला आईशी बोलताच येईना. मला पुढचं काही वेळ दिसलंच नाही नीट.

आणि फिल्म संपल्या संपल्या लाइट लागले, मॅनेजर थँक्यू म्हणाले आणि एकच्या मीटिंगची आठवण केली. झालं. दोन मिनिटं गप्प बसायलाही वेळ नाही. त्याहून वाईट म्हणजे आमच्यात एकच जण फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजातली आहे, तिला कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं की तुझ्या घरचा अनुभव सांग ना, ती उठून बाहेर गेली. तिच्या घरात या शाळेत गेलेलं कुणी असेल, नसेल, पण ती तिथे नोकरी करायला येते, आम्हाला शिकवायला नाही. शिकायचंच असेल तर त्या समाजातल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला रीतसर बोलवा, मानधन द्या, आणि फिल्म सुरू व्हायच्या आधीच सांगा की हे बघणं जड जाईल, मध्येच उठून गेलात तरी चालेल. या शाळांत गेलेल्यांसाठी चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर नुसता पडद्यावर टाकायलाही कुणाला सुचलं नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. आमच्या फ्लोअरवर आम्ही पाच मराठी, आलो दोघंच. एकाने सरळ सांगितलं, अरे हा आपला इतिहास नाही, गोऱ्यांनी केलं गोऱ्यांनी निस्तरावं. मलाही आधी असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या त्यातली ९२ वी कंपन्यांसाठी आहे, मॅनेजर आणि स्टाफला हा इतिहास शिकवा म्हणून, आणि शेवटच्या दोन तर थेट आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी आहेत. त्यामुळेच २०२१ मध्ये नागरिकत्वाची शपथ बदलली, त्यात आता मूळनिवासींच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. ज्या जमिनीवर आपण कर्ज काढून घर घेतो ती कुणाची होती हे माहीत नसताना ती शपथ कशी घ्यायची?

अजून एक, दरवेळी फक्त दुःखाच्याच फिल्म नकोत. अबेनाकी या मूळनिवासी समाजातल्या अलानिस ओबोमसाविन यांनी १९७१ मध्ये पहिली फिल्म केली ती निवासी शाळेतल्या मुलांनी काढलेल्या चित्रांची, आणि २०१७ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, मॅनिटोबा प्रांतातल्या नॉर्वे हाउस गावच्या क्री या मूळनिवासी समाजातल्या मुलांच्या शाळेवर केली, जिथे मुलं आपली भाषा शिकतात, फिडल वाजवतात. दोन्ही एकामागोमाग दाखवा ना, शाळा या शब्दाचा अर्थ त्या मुलांसाठी केवढा बदलला ते आपोआप कळतं.

मी एचआरला लिहून दिलंय की २१ जूनला, म्हणजे मूळनिवासी दिनाला, पुढचा शो ठेवा आणि लंचमध्ये नको, दीड तास कामाच्या वेळेतला द्या, नंतर बोलायला अर्धा तास तरी हवाच. त्यांनी बघतो म्हटलंय. आणि त्या "आपला इतिहास नाही" वाल्या मित्राला मी आत्तापासूनच सांगून ठेवलंय की तुझी खुर्ची माझ्या शेजारी धरून ठेवणार.

आपला,
एक वाचक, टोरंटो