मेसेज ब्रोकर सेवेतील कनेक्शन रात्री निकामी होण्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक साहाय्य विभाग

विषय: कनेक्शनमधील दोष आमच्यावर ढकलून तिकीट तीनदा बंद केल्याबद्दल

महोदय,

शीतगृहांच्या तापमानावर देखरेख ठेवणारी यंत्रणा आम्ही चालवतो. प्रत्येक शीतगृहात एक कंट्रोलर आहे आणि तो एमक्यूटीटीने (उपकरणांमध्ये छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीने) तुमच्या ब्रोकरला, म्हणजे संदेश घेऊन पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरला, जोडलेला आहे. तापमान बदलले की तो कळवतो. नियंत्रण कक्षातून आदेश गेला की कंप्रेसर चालू-बंद करतो. यातल्या काही शीतगृहांत लशी असतात, आणि त्या २ ते ८ अंश सेल्सिअसच्या आतच ठेवाव्या लागतात. त्यामुळे एखादा आदेश वाटेत हरवणे ही आमच्याकडे किरकोळ बाब नाही.

गेले तीन आठवडे रात्रीचे आदेश हरवत आहेत. दिवसा एकही हरवत नाही. पहिल्या तिकिटात हे मी अगदी पहिल्याच ओळीत लिहिले होते. त्यावर उत्तर आले की पोर्ट ८८८३ (एमक्यूटीटीच्या सुरक्षित जोडणीचे दार) फायरवॉलमध्ये उघडा आहे का ते पाहा. पोर्ट बंद असता तर कनेक्शन झालेच नसते. एक तर लगेच नकार आला असता, नाही तर सुरुवातीलाच टाइमआउट झाला असता. आमचे कनेक्शन होते, तासन्‌तास चालते आणि मग निकामी होते. दुसरे उत्तर होते, टीएलएस (जोडणी सुरक्षित करणाऱ्या व्यवस्थेचे) प्रमाणपत्र तपासा. प्रमाणपत्रात खोट असेल तर हँडशेकच, म्हणजे सुरुवातीची ओळख पटवणेच, पुरा होत नाही, ब्रोकरपर्यंत क्लायंट आयडी (जोडणाऱ्या उपकरणाची ओळख) जाण्याचीही वेळ येत नाही. तरीही आम्ही दोन्ही गोष्टी तपासल्या, निकाल कळवले. तिकीट दोन्ही वेळा बंद झाले.

तिसरे उत्तर मात्र मला सर्वांत जास्त लागले. तुमच्या लॉगमध्ये 'सत्र दुसऱ्या क्लायंटने ताब्यात घेतले' अशा नोंदी दिसल्या, म्हणून तुमच्या अभियंत्यांनी लिहिले की आम्ही एकाच क्लायंट आयडीने दोन उपकरणे चालवतो, ही आमची चूक आहे, प्रश्न मिटला.

एकच आयडी दोन उपकरणांना दिला की काय होते ते आम्हाला माहीत आहे. दुसरे जोडले गेले की ब्रोकर पहिल्याला काढतो. पहिले लगेच पुन्हा जोडू पाहते आणि दुसरे बाहेर फेकले जाते. ही ढकलाढकली दर काही सेकंदांनी, रात्रंदिवस चालू राहते. आमच्या नोंदी तशा नाहीत. त्या फक्त रात्री आहेत, जुने आणि नवे कनेक्शन एकाच आयपीवरून आहे, आणि प्रत्येक नोंदीच्या आधी पाच मिनिटांहून थोडी अधिक शांतता आहे. लॉगमधल्या वेळा एकाखाली एक मांडून पाहिल्या असत्या तर हे दहा मिनिटांत दिसले असते.

शेवटी आम्ही स्वतःच एका कंट्रोलरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरचे प्रत्येक पॅकेट टिपणारे साधन) लावून रात्रभर बसलो. एका घटनेच्या वेळा जशाच्या तशा देत आहे. २ वाजून १० मिनिटे ५ सेकंदांनी कंट्रोलरने तापमान पाठवले, ब्रोकरने पोच दिली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी शांतता. २:१४:४० ला नियंत्रण कक्षातून दुसरा कंप्रेसर सुरू करण्याचा आदेश गेला. ब्रोकरने तो घेतला आणि कक्षाला पोच दिली, त्यामुळे पडद्यावर आदेश गेल्याची खूण आली. कंट्रोलरकडच्या डंपमध्ये त्या आदेशाचे एकही पॅकेट नाही. २:१५:०५ ला, म्हणजे बरोबर ३०० सेकंदांनी, कंट्रोलरने पिंग ('जिवंत आहेस का' असे विचारणारा छोटा संदेश) पाठवला. उत्तर नाही. तोच पिंग पुन्हा, मग दुप्पट थांबून पुन्हा, मग आणखी दुप्पट थांबून पुन्हा. नकाराचे, म्हणजे कनेक्शन तुटल्याचे कळवणारे, आरएसटी पॅकेट नाही, काही नाही. अर्ध्या मिनिटाने कंट्रोलरमधल्या एमक्यूटीटी लायब्ररीने हात टेकले, जुने कनेक्शन सोडले आणि नवे जोडले. तेव्हा तुमच्या लॉगमध्ये 'सत्र ताब्यात घेतले' अशी नोंद पडली.

ती नोंद का पडली हेही सांगतो. कीप-अलाइव्हच्या (क्लायंट जास्तीत जास्त जितका वेळ गप्प राहू शकतो त्या मुदतीच्या; आमच्याकडे ३०० सेकंद) दीडपट वेळ काहीच आले नाही तर ब्रोकरने कनेक्शन मेले असे धरायचे, असा एमक्यूटीटीचा नियम आहे. ३०० ची दीडपट ४५०. म्हणजे ब्रोकरच्या लेखी जुने कनेक्शन २:१७:३५ पर्यंत जिवंत होते. त्याआधीच तोच कंट्रोलर त्याच आयडीने परत आला. तुम्ही ज्याला दुसरे उपकरण समजलात ते आमचे पहिलेच उपकरण आहे.

मग कनेक्शन मधल्या मधे कोण मारते? आम्ही हाताने एक कनेक्शन जोडले, २३५ सेकंद गप्प बसलो आणि पिंग केला. उत्तर आले. २४५ सेकंद गप्प बसलो, उत्तर नाही. वेगळ्या नेटवर्कवरून, वेगळ्या मशिनवरून करून पाहिले, तेच. आमच्याच फायरवॉलमागून एका चाचणी ब्रोकरला मध्ये लोड बॅलन्सर (येणारी कनेक्शने सर्व्हरांमध्ये वाटून देणारी यंत्रणा) न ठेवता जोडले, तर ३०० सेकंदांवर रात्रभर एकदाही अडले नाही. तुमच्या ब्रोकरपुढे जो लोड बॅलन्सर आहे तो २४० सेकंद निष्क्रिय राहिलेले कनेक्शन विसरतो, आणि दोन्ही टोकांना न सांगता विसरतो, याखेरीज दुसरा अर्थ मला लागत नाही. दिवसा तापमान सारखे हलते, दर मिनिटाला काही ना काही जाते, म्हणून २४० सेकंदांची शांतता होतच नाही. रात्री दरवाजे बंद असतात, तापमान स्थिर असते, आणि कनेक्शन मरते. ऑपरेटिंग सिस्टिमचे टीसीपी कीप-अलाइव्हही इथे उपयोगी नाही. लिनक्सवर ते मुळात मागावे लागते आणि मागितले तरी पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी होते.

आता ३०० हा आकडा आमच्याकडे आला कुठून? तुमच्या नमुना कोडमधून. तुमच्या मार्गदर्शिकेत 'असे जोडा' म्हणून जो कोड दिला आहे त्यात कीप-अलाइव्ह ३०० आहे आणि क्लीन सेशन (प्रत्येक जोडणीला जुने सत्र पुसून नवे सुरू करणे) चालू आहे. त्याच मार्गदर्शिकेत निष्क्रिय कनेक्शनच्या मर्यादेबद्दल एक शब्द नाही. क्लीन सेशन चालू असल्यामुळे जुन्या सत्रासोबत न पोचलेला आदेशही टाकून दिला जातो, क्यूओएस १ (संदेश निदान एकदा पोचवण्याची हमी) असला तरी. हे आम्ही तेव्हाच ओळखायला हवे होते. ती चूक आमची आहे आणि आम्ही ती सुधारली आहे. कीप-अलाइव्ह ६० सेकंद, सत्र कायमचे, आणि कंप्रेसर खरोखर सुरू झाल्याची पोच आता कंट्रोलर वेगळ्या टॉपिकवर (संदेशांच्या वेगळ्या मथळ्याखाली) स्वतः देतो. हा बदल केल्यापासून एकही आदेश हरवलेला नाही.

म्हणजे आमचे काम भागले. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण तोच नमुना कोड आज दुसरे कोणी तरी उचलत असेल. त्याला दिवसा सगळे सुरळीत दिसेल, रात्री काही तरी हरवेल, आणि तुमचे उत्तर येईल की क्लायंट आयडी तपासा.

माझी मागणी अशी: तिसऱ्या तिकिटावरचा 'ग्राहकाची चूक' हा शेरा लेखी मागे घ्यावा. नमुना कोड आजच दुरुस्त करावा आणि २४० सेकंदांची मर्यादा कनेक्शनच्या पानावर वरच लिहावी. जे क्लायंट एमक्यूटीटी ५ वापरतात त्यांना ब्रोकर जोडणी मान्य करतानाच स्वतःचा कीप-अलाइव्ह सांगू शकतो आणि क्लायंटला तो पाळावाच लागतो. ही सोय तुमच्या ब्रोकरमध्ये चालू करावी. आमचे कंट्रोलर एमक्यूटीटी ३.१.१ वर आहेत, तिथे ही सोय नाही, म्हणून लोड बॅलन्सरची मुदत वाढवावी, निदान कनेक्शन विसरताना दोन्ही बाजूंना आरएसटी पाठवावे. आरएसटी आले असते तर कंट्रोलर त्याच क्षणी पुन्हा जोडला गेला असता.

डंपची फाइल, तुमच्या लॉगमधला त्याच रात्रीचा उतारा आणि २३५ व २४५ सेकंदांच्या चाचण्यांचे निकाल सोबत जोडले आहेत. ज्यांनी तिसरे उत्तर लिहिले त्यांनीच ते उघडून पाहावेत, अशी विनंती आहे. मी फोनवर बसून एकेक ओळ समजावून द्यायला तयार आहे. तोवर तिकीट बंद करू नये.

आपला,
देखरेख यंत्रणेचा जबाबदार अभियंता