ऊन तापण्याआधी चौपाटीवर हात हवेत

दादर-माहीमचे रहिवासी, कोळीवाड्यांतले बंधू-भगिनी आणि शाळा-कॉलेजांना आवाहन

पावसाळ्यात समुद्राने परत फेकलेलं प्लास्टिक ऑक्टोबरच्या उन्हात कुरकुरीत होण्याआधी उचलायचं आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारपासून सलग सहा रविवार आपली दोन तासांची मदत हवी आहे.

‘उन्हापाण्याने जिरून जाईल’ असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांत हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि साखळ्या तुटतात. वस्तू आधी फिकी किंवा पिवळी पडते, मग तिच्यावर बारीक भेगा येतात आणि शेवटी चिमटीत धरली तरी भुगा होतो. थोडा अंश पाण्यात विरघळणाऱ्या कार्बनी पदार्थांच्या रूपाने सुटतो, काही कार्बन डायऑक्साइड होतो. बाकीचे कण लहान होत राहतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, पण फुटणं तिथे थांबत नाही.

पाण्यापेक्षा कोरड्या वाळूवर हे फार लवकर घडतं. पाण्यात प्लास्टिक थंड राहतं, त्याच्यावर शेवाळ धरतं आणि आपल्याकडच्या गढूळ पाण्यात किरण खोल जात नाहीत. मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. ढग हटले की भरतीच्या रेघेवर पडलेला कचरा रोज तापतो. अखंड पिशवी एक माणूस क्षणात उचलतो. तिचा भुगा झाला की वाळू चाळत बसावं लागतं आणि तरी सगळा हाती येत नाही.

सर्वात आधी थर्माकोल, दोऱ्यांचे तुकडे आणि निळी ताडपत्री उचलायची. ताडपत्री पट्ट्यांनी विणलेली असते, उन्हात तिच्या पट्ट्या सुटून तंतू होतात. छपरावर घातलेली ताडपत्री पाऊस संपताच घडी करून आत ठेवलीत, तर तीही समुद्रात जायची वाचेल. एवढं तर चौपाटीवर न येताही करता येईल.

भरती ओसरायला लागली की कामाला लागू. फिकं पडलेलं प्लास्टिक ओढू नका, दंताळ्याने खेचू नका, जागेवरच तुटतं. खालून सुपली घालून वाळूसकट घमेल्यात घ्या. कचरा तागाच्या गोणीत भरायचा. खताच्या किंवा सिमेंटच्या प्लास्टिक गोण्या आणू नका, उन्हात ठेवल्या तर काही महिन्यांत त्यांच्याच चिंध्या होतात.

दर रविवारी मोजणीही करू, म्हणजे रेघेवरचं प्रमाण घटतंय की नाही ते कळेल. ५० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट ठेवून वरची २ सेंटिमीटर वाळू काढली की ५ लिटर वाळू मिळते. ती स्टीलच्या ताटात, सावलीत, सुती कापड झाकून वाळवायची. ओली वाळू चाळणीत अडकते, आणि ती सुटावी म्हणून चाळणी आपटली की ठिसूळ तुकडे आणखी फुटून मोजणी वाढते. आधी ५, मग १ मिलिमीटरची चाळणी. दुसऱ्या चाळणीवर राहिलेलं मिठाच्या दाट पाण्यात टाकायचं: लिटरला ३५० ग्रॅम खडे मीठ. बाजारच्या मिठातही प्लास्टिकचे कण सापडतात, म्हणून हे पाणी आधी गाळून घ्यायला हवं. पिशव्या, दोऱ्या आणि बाटल्यांची झाकणं ज्या पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनची असतात, ते तरंगतं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी तळाशी जातं, त्यामुळे तळाची वाळूही भिंगाखाली पाहावीच लागते. त्या दिवशी सुती कपडे घाला. फ्लीसचे (प्लास्टिकच्या धाग्यांच्या लोकरी कापडाचे) धागे नमुन्यात पडले तर ते समुद्रातले की आपले, हे ओळखता येत नाही.

वस्तू अशा हव्यात: तागाच्या ६० गोण्या, लोखंडी घमेली २०, पत्र्याच्या सुपल्या ३०, स्टीलच्या चाळण्यांचे २ संच, झाकणासह स्टीलची पातेली ६, खडे मीठ ४० किलो आणि १० ते ४० पट मोठं दाखवणारा एक सूक्ष्मदर्शक. सूक्ष्मदर्शक कॉलेजने सहा आठवड्यांसाठी उसना दिला तरी चालेल. पैशांपेक्षा वस्तूच द्या. कोळी बंधूंकडे एक खास विनंती: टाकाऊ जाळ्यांचे तुकडे वाळूवर न सोडता होडीवरून उतरतानाच आमच्या गोणीत टाका.

सामान मोहिमेच्या दिवशी चौपाटीवरच स्वीकारू. भरतीची वेळ दर रविवारी बदलते, म्हणून जमण्याची वेळ आदल्या शुक्रवारी सोसायट्यांच्या आणि कोळीवाड्यांच्या फलकांवर लावू.