वेलस्ली आला, असई राहिली

मा. संपादक,
स. न.

किशोरांच्या वाचनावरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘ड्रॅगनवाली पुस्तके’ एका वाक्यात निकालात काढलेली दिसली. नाओमी नोविक यांच्या ‘टेमेरेअर’ या नऊ भागांच्या कादंबरीमालिकेला तरी हा शेरा लागू पडत नाही.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धात सगळ्याच देशांकडे ड्रॅगनांचे हवाई दल आहे, एवढीच लेखिकेची पदरची भर. विल्यम लॉरेन्स हा इंग्रज आरमारी कप्तान फ्रेंच जहाज पकडतो, त्यावर ड्रॅगनचे एक अंडे सापडते, त्यातले पिल्लू, म्हणजेच टेमेरेअर, त्यालाच आपला माणूस मानते आणि बिचाऱ्याची नौदलातली कारकीर्द संपते. २००६ साली आलेल्या पहिल्या भागात खरी गंमत तपशिलांची आहे. ड्रॅगनच्या अंगावर पट्ट्यांचे जाळे, त्याला स्वतःला बांधून घेतलेले बंदूकधारी, पोटाखाली लटकून बाँब टाकणारे शिपाई. लाँगविंग जातीचे ड्रॅगन फक्त स्त्री कप्तानच मान्य करतात, म्हणून इंग्रजांना झक मारून बायका दलात घ्याव्या लागतात आणि ही गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून धडपडही करावी लागते!

दुसऱ्या भागात चीनमधले ड्रॅगन मोकळे फिरतात, पैसा बाळगतात, लिहितात-वाचतात. ते पाहून आलेला टेमेरेअर विचारू लागतो, मग आम्हाला इंग्लंडात पगार का नाही? लॉरेन्सचे वडील गुलामगिरीविरोधी चळवळीतले, त्यामुळे त्याला हा प्रश्न झटकता येत नाही. चौथ्या भागात ड्रॅगनांमध्ये जीवघेणी साथ येते. औषध हाती लागल्यावर इंग्रज सरकार मुद्दाम एक आजारी ड्रॅगन फ्रान्समध्ये सोडते. लॉरेन्स आणि टेमेरेअर ते औषध शत्रूला नेऊन देतात, आणि लॉरेन्स देशद्रोही ठरतो. माणुसकी मोठी की राजनिष्ठा, हे इतके चटका लावून सांगणारे युद्धकथानक मी तरी क्वचितच वाचले आहे. हे पोरखेळ म्हणून सोडून द्यायचे?

मालिकेत पाणी घातलेलेही आहे. ऑस्ट्रेलियातला सहावा भाग म्हणजे चोरलेल्या अंड्यामागे वाळवंटातली न संपणारी पायपीट. आठव्यात नायकाची स्मृती जाते, तेव्हा तर मला आपल्या संध्याकाळच्या टीव्ही मालिका आठवल्या.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. कथा चीन, तुर्कस्तान, आफ्रिका, ब्राझील, जपान, रशिया सगळीकडे जाते. भारतात मात्र एकही भाग घडत नाही. थार्के हा वाटाड्या नेपाळी आईचा मुलगा, आपल्या बाजूचे म्हणावे तर तेवढेच. पाचव्या भागात आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती येतो, इंग्लंड वाचवायला धावतो. हा माणूस तयार कुठे झाला? २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तो लढला होता. वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यानंतरही तो असईलाच आपली सर्वांत सरस लढाई म्हणत असे. लेखिकेने सोडलेली ही जागा एखाद्या मराठी लेखकाने जरूर उचलावी, आणि सुरुवात शिंद्यांच्या तोफखान्यापासून करावी. त्या दिवशी एकही ड्रॅगन नसताना वेलस्लीची सुमारे दीड हजार माणसे मेली वा जखमी झाली होती.

आपला,
एक वाचक, सांगली