बाई, तुम्ही सेकंद मोजलेत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समक्ष बोलायला गेले की रडू येतं, म्हणून लिहितेय.

सातवीत लेकाचे मार्क घसरले तेव्हा आम्ही मोबाइल काढून घेतला. मग तो चिडायला लागला, एकटाच बसायला लागला. एकदा आजीसमोर ताट भिरकावलं. कुणी म्हणालं वय आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. दृष्ट काढली, अंगारा लावला. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. माझ्या हातचा मारही खाल्ला हो त्यानं. ते अजून सोसत नाही मला.

तुम्ही मात्र त्याच्या हातातून पेन पडताना पाहिलंत. मान झुकायची, हाताला हिसका बसायचा, पेन खाली. तो उचलायचा, की परत तेच. मधल्या सुट्टीत त्याला भिंतीवरच्या घड्याळाखाली बसवून तुम्ही व्हिडिओ काढलात आणि मला म्हणालात, "ही मस्ती नाही. दर आठ सेकंदांनी होतंय. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

न्यूरॉलॉजिस्टनी व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिलाच प्रश्न, "लहानपणी गोवर आला होता?" आला होता, आठ महिन्यांचा असताना, लसीची तारीख यायच्या आधी. दाराला कडुनिंब बांधला, आठवड्यात उतरला, आम्ही विसरून गेलो. तो विषाणू एवढी वर्षं मेंदूत होता. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, ठरावीक अंतरानं उंच लाटा आल्या, पाठीतल्या पाण्यात गोवराच्या अँटीबॉडीज सापडल्या. आजाराचं नाव एसएसपीई, गोवरानंतर कित्येक वर्षांनी मेंदूला येणारी सूज. मुळापासून बरा करणारं औषध नाही, झटके कमी करायच्या गोळ्या आहेत.

पण त्या दिवसापासून घरात त्याच्यावर कुणी ओरडलं नाही, बाई. हे तुमच्यामुळे.

वर्गातले पालक घाबरले, तेव्हा हा आजार मुलाकडून मुलाला होत नाही, हे तुम्हीच समजावलंत. त्याला बसता येत होतं तोवर खिडकीजवळची जागा त्याचीच ठेवलीत. पालकसभेत धाकट्या भावंडांची लसीची कार्डं मागवलीत: गोवराच्या लसीचा पहिला डोस 9 ते 12 महिने, दुसरा 16 ते 24 महिने, सरकारी केंद्रात मोफत. आसपासच्या सगळ्या मुलांनी लस घेतलेली असती, तर माझ्या तान्ह्यापर्यंत गोवर पोचलाच नसता कदाचित. हे मला त्या सभेत कळलं.

आता तो बोलत नाही. पण दर शनिवारी तुम्ही येऊन धडा वाचता, तेव्हा आवाजाच्या दिशेनं त्याचे डोळे वळतात. या शनिवारीही या. मी वाट पाहते.

तुमची,
त्याची आई