मिलिंगवर सेंटर काढणे हाताने शिकवावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पिंपरी-चिंचवडमधील टूलरूममध्ये मी 32 वर्षे मिलिंग मशिनवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम केले. आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून येणाऱ्या मुलांना कटिंग स्पीडची सूत्रे तोंडपाठ असतात, पण टेबलावर बांधलेल्या जॉबच्या (कापायच्या वस्तूच्या) बोअरचे, म्हणजे गोल भोकाचे, सेंटर स्पिंडलखाली (कटर फिरवणाऱ्या दांड्याखाली) आणायला सांगितले की त्यातली बरीच अडखळतात. त्यांनी डायल, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र, लांबून पाहिलेला असतो, हाताळलेला नसतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी बोअरचे सेंटर धरून चार डॉवेल होल (पिना बसवायची भोके) मारायचे एक काम आले. नव्या मुलाने कोलेटमध्ये (स्पिंडलच्या पकडीत) लिव्हर डायल, म्हणजे बारीक दांडी टेकवून वाचायचा डायल, पकडला आणि गिअर न्यूट्रलला टाकून स्पिंडल हाताने फिरवला. डावीकडे काटा शून्यावर होता, उजवीकडे 12 भागांवर, म्हणजे 0.12 मिमी. त्याने टेबल सरळ 0.12 सरकवले आणि पुन्हा फिरवून न पाहता भोके मारली. समोरासमोरच्या रीडिंगमधला फरक हा सेंटरच्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून टेबल 0.06 एवढेच सरकवायचे, हे त्याला कोणी कधी करून दाखवलेच नव्हते. कास्टिंग भंगारात गेले. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

हे काम फळ्यावर आकृती काढून येत नाही. बोअरच्या काठाची बर (धातूची खरबरीत कड) काढून, फडक्याने पुसून मगच लिव्हर टेकवायचा आणि तो भिंतीशी शक्य तितका समांतर ठेवायचा, कारण 30 अंश तिरका राहिला तर 0.10 दिसणारे रीडिंग प्रत्यक्षात सुमारे 0.087 असते. आधी एक अक्ष, मग दुसरा, आणि पुन्हा पहिला तपासायचा. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये बॅकलॅश (ढिलेपणा) असतो, म्हणून हँडल जास्त फिरले तर तेवढेच उलटे फिरवून चालत नाही. बरेच मागे जाऊन त्याच दिशेने परत यावे लागते. टेबल लॉक करतानाही काटा हलतो, त्यामुळे लॉक केल्यावर आणखी एक फेरा घ्यायचा. डायलचे तोंड मागे वळले की आरशात पाहून वाचावे लागते, आणि आरशात काटा उलटा फिरतो, हे पहिल्यांदा करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनच्या, काळात याची गरज काय, असे काही जण विचारतात. त्या मशिनवरच्या प्रोबचा (जॉबला टेकून जागा मोजणाऱ्या साधनाचा) स्टायलस, म्हणजे टोकसुद्धा, आधी डायल लावूनच स्पिंडलशी ट्रू (एका मध्यरेषेत) करावा लागतो. शिवाय आपल्या औद्योगिक वसाहतींतील असंख्य छोट्या शेडमध्ये आजही हँडलवरची मिलिंग मशिनच चालतात, आणि आयटीआयची बरीचशी मुले पहिली नोकरी तिथेच धरतात.

चांगला लिव्हर डायल काही हजार रुपयांत येतो. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने प्रत्येक मिलिंग मशिनमागे एक डायल आणि एक मॅग्नेटिक स्टँड द्यावा. तो कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हाती राहील, याची तपासणी करावी. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाने बोअरचे सेंटर 0.02 मिमीच्या आत काढून, स्पिंडलचा पूर्ण फेरा परीक्षकासमोर फिरवून दाखवावा आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत. संस्थांची तयारी असेल तर माझ्यासारखे निवृत्त कारागीर आठवड्यातून एक दिवस विनामोबदला शिकवायला येतील. मी स्वतः त्यासाठी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त मिलिंग कारागीर, चिंचवड